उजवी बाही भिंतीकडे

१० एप्रिल, सोमवार

मिलबर्गच्या माजी सैनिकांनो! ज्या गणवेशासाठी आपण तारुण्य दिलं, तो आज कुणीही ऐरागैरा कसाही अंगावर चढवतो, आणि आपण कागदी कपातली कॉफी पीत बघत बसतो! किती दिवस बसणार?

(सुरुवात जमली. स्मृतिदिनाच्या भाषणासाठी राखून ठेवणे.)

होय, भाषण. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, स्मशानभूमीत, सगळ्या गावासमोर. दरवर्षी बोलणारे पाद्री गुडघा बदलून घेतायत. माजी सैनिकांच्या हॉलचा अध्यक्ष व्हर्जिल हॅस्केट याचा फोन आला. म्हणाला, "लायल, पाच मिनिटं बोलशील का? दुसरं कुणी तयार होत नाहीये." शेवटचं वाक्य त्याने गमतीने टाकलं.

सार्जंट लायल प्रूइट, निवृत्त. पूर्ण गणवेशात बोलणार. पाच मिनिटांत आटपणार नाही.

११ एप्रिल

गणवेशाची निवड. नॅडीनचं मत: "चर्चचा राखाडी कोट घाल आणि गप जा." बायकांना प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही. पार्टीला काय घालावं यावर हीच बाई दोन दिवस घालवते.

निळा की हिरवा? निळा जास्त रुबाबदार. पण निळा माझ्याकडे नाही. म्हणून तत्त्वाचा विचार केला. निवृत्ताने आपल्या काळचा गणवेश घालावा. माझा काळ हिरव्याचा. ठरलं.

माळ्यावरून ट्रंक काढली. कोट उत्तम स्थितीत. फक्त पुढून मिटत नाही. बटणं आणि काजं यांच्यात तळहाताएवढं अंतर. पँटचंही कमरेला तेच. लोकर आकसते. बावीस वर्षं सैन्याच्या कोठारात काढली, कापडातलं मला कळतं. नॅडीन म्हणाली, "लोकर आकसली, आणि पँट काय घाबरून आकसली?"

उद्यापासून पाव बंद. नॅडीन भट्टीत फळं भरून भाजते तो गोड 'पाय'ही बंद.

१२ एप्रिल

नॅडीनने चेरीचा 'पाय' केला. मुद्दाम. तिचं मन राखलं.

२० एप्रिल

व्हर्जिलने आठवण करून दिली: वर्षभरात गेलेल्या सैनिकांची नावंही मीच वाचायची. मग हळूच म्हणाला, "ओटिसचं काय करायचं? ते तुझ्या समितीवर आहे."

इथे नोंद करून ठेवतो, कारण गावात उगाच कुजबुज चालते. गणवेश तपासणी समिती मी स्थापन केली. सदस्य मी. नियम माझा, आणि तो हॉलमध्ये एकमताने पास झाला (बाकीचे पत्ते खेळत होते): न कमावलेलं चिन्ह ज्याच्या अंगावर दिसेल, त्याने तो कोट सर्वांसमोर जागच्या जागी उतरवावा.

गेल्या नोव्हेंबरच्या संचलनाला ओटिस बेम हिरवा कोट घालून आला. डाव्या बाहीवरच्या बिल्ल्याबद्दल तक्रार नाही. तिथे नोकरीच्या तुकडीचा बिल्ला असतो, माझ्याही आहे. पण उजवी बाही! उजव्या बाहीवर बिल्ला फक्त त्यालाच लावता येतो, जो त्या तुकडीबरोबर खऱ्या युद्धात गेला. माझी उजवी बाही कोरी आहे. मला एकदा पाठवणार होते, पण नेमका तेव्हा कान दुखत होता. कोरी बाही मी मानाने वागवली. आणि हा गृहस्थ, आयुष्यभर बेकरीत पाव भाजणारा, उजव्या बाहीवर व्हिएतनाममधल्या तुकडीचा बिल्ला मिरवतो?

कागद मागितले. म्हणाला, घर जळालं त्यात गेले. मी म्हणालो, घरं सगळ्यांचीच जळतात. त्याने वाद घातला नाही, यातच सगळं आलं. कोट काढला, घडी करून हातावर टाकला आणि त्या थंडीत नुसत्या शर्टावर बेकरीच्या दाराशी उभा राहून संचलन पाहिलं. मग घरी गेला.

फेब्रुवारीत वारला. हृदय. थंडीशी संबंध नाही. दवाखान्यातल्या नर्सला मी स्वतः विचारून घेतलं.

व्हर्जिलला सांगितलं: कागद नाहीत, तर नाव नाही.

२ मे

वजन दोन पौंडांनी वाढलं. स्नायू असावेत. स्नायू जड असतात.

६ मे, शनिवार

विजय! चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत हिरवा कोट मिळाला. सैन्याचा, अस्सल. चढवला, बटण लागलं. श्वासही घेता येतो. आरशात जो माणूस दिसला त्याला सलाम करावासा वाटला. केला. विक्रीवरच्या बाईने, "सर, बरं वाटतंय ना?" असं विचारलं.

घरी येऊन पाहिलं तर कॉलरच्या आत काळ्या शाईत नाव: बेम.

क्षणभर बसलो. मग विचार केला. कोटाला नाव नसतं, शिस्त असते. खोट्या अंगावरून खऱ्या अंगावर आला, म्हणजे कोटाचा उद्धारच झाला. एका बाहीच्या कफला कुणीतरी निळ्या दोऱ्याने टाके घातलेत. हिरवा दोरा संपला असेल. गबाळेपणा. दुर्लक्ष.

७ मे

माझी पदकं लावली. नावाची पट्टी लावली. डाव्या बाहीवर ओटिसच्या बिल्ल्यावरूनच माझ्या कोठाराचा बिल्ला लावला.

उजवी बाही: ब्लेडने एक कोपरा सोडवून पाहिला. खाली कापड गर्द हिरवं, भोवती उन्हाने विटलेलं. बिल्ला काढला तर त्याच्याच आकाराचा डाग राहणार. लोक म्हणतील, प्रूइटच्या बाहीवरून काहीतरी उपटून काढलंय. निष्कलंक माणसाने असा संशय का ओढवून घ्यावा? बिल्ला राहू देणं हेच जास्त प्रामाणिक आहे. कोपरा परत शिवला.

८ मे

नॅडीनने कोट पाहिला. उजव्या बाहीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "लायल, हा तोच बिल्ला ना?" मी म्हणालो, दिसणार नाही. ती म्हणाली, "मी दिसण्याबद्दल विचारलं नाही." तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही.

१३ मे

मार्गाची पाहणी. सेनापती आधी भूमी बघतो. मेन स्ट्रीटवर सकाळी सावली डाव्या फुटपाथवर. लोक खुर्च्या तिथेच मांडणार. उजवीकडे बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याची भिंत. भिंतीला डोळे नसतात. उजव्या कडेच्या ओळीत चालायचं. स्मशानभूमीत माइकच्या उजवीकडे झेंडा. मोठा आहे. त्याच्या घडीत बाही लपेल.

वारा? मेच्या शेवटी वारा नसतो.

१९ मे

पँट माझीच जुनी. कमरेला मिटत नाही. नॅडीनच्या शिवणाच्या डब्यातलं इलास्टिक आणि एक सेफ्टी पिन. वरून कोट येतो, त्यामुळे दिसण्याचा प्रश्नच नाही. कोट अंगावर आहे तोवर मी अभेद्य आहे.

२३ मे

दुकानात, लोण्याच्या कपाटासमोर, ओटिसची विधवा व्हर्ना भेटली. तिने माझी वाट अडवली, म्हणजे तिच्या ट्रॉलीने. म्हणाली, "लायल, फक्त नाव. एकदा घे. दोन शब्द आहेत, तुझा घसा बसणार नाही." मी नियम समजावला. ती म्हणाली, "जाताना मला काय म्हणाला माहितेय? वर्दीत पुरू नकोस. लायल येऊन तपासेल. तपकिरी स्वेटरमध्ये पुरला मी त्याला. कोट डोळ्यांसमोर नको झाला म्हणून देऊन टाकला."

शिस्तीचा किती हा दरारा! मरणाच्या दारातही माणसाला माझी आठवण झाली. भाषणात वापरता येईल. नाव न घेता.

तिला म्हणालो, नियम सर्वांना सारखा. ती म्हणाली, "बघू या." आणि लोणी न घेताच गेली.

२८ मे, रविवार

भाषण पाठ. नॅडीन झोपाळ्यावर बसून मटार सोलत ऐकत होती. विचारलं, कुठे कमी वाटतं? म्हणाली, "शेवट लवकर येऊ दे." बूट आरशासारखे. हातमोजे पांढरेशुभ्र. उद्यानंतर या गावात मला कोणी "कोठारवाला" म्हणणार नाही.

२९ मे, सोमवार. सकाळी

इलास्टिक तपासलं. ताणतं. हवामानवाला "झुळूक" म्हणाला. झुळूक म्हणजे वारा नव्हे.

२९ मे. दुपारी

वारा होता.

३० मे

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, कारण सत्य कुठेतरी नोंदलेलं हवं.

मेन स्ट्रीटवर योजना शंभर टक्के यशस्वी. बाही भिंतीकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पुढच्या बँडसाठी होत्या असं व्हर्जिलचं म्हणणं आहे.

स्मशानभूमीत माइकसमोर उभा राहिलो. "मिलबर्गच्या माजी सैनिकांनो!" आवाज थेट मागच्या कबरींपर्यंत गेला. ऐऱ्यागैऱ्याच्या वाक्यावर आलो, तोच झेंडा माझ्या अंगावरून उडून पार पलीकडे गेला. वर्षभरात ज्यांचे नवरे गेले त्या बायका फुलं घेऊन नेमक्या उजवीकडे उभ्या केल्या होत्या. हे मला आधी कळवायला हवं होतं. आयोजनातली चूक.

व्हर्ना पुढे आली. बिल्ल्याकडे तिने पाहिलंच नाही. माझा कफ धरला आणि निळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. अगदी हळू बोलली, पण माइक चालू होता. "हे टाके माझे आहेत. हिरवा दोरा संपला होता."

हेही मागच्या कबरींपर्यंत गेलं.

मग म्हणाली, "लायल, हा बिल्ला खोटा असेल तर तुझाच नियम आहे, कोट इथेच उतरव. खरा असेल तर ज्याचा आहे त्याचं नाव घे. कोणतंही एक कर. मला घाई नाही."

व्हर्जिल पाठीमागून पुटपुटत होता, "अरे घे ना बाबा नाव, घेऊन मोकळा हो!" दोन शब्दांचं काम होतं. पण या गावात माझ्या तोंडून दिलेला निर्णय कधी मागे गेलेला नाही. नोव्हेंबरात मी चुकलो असं सगळ्या गावासमोर कबूल करायचं? ते माझ्या रक्तात नाही. मी ताठ मानेने बटणं सोडली. पहिलं. दुसरं. लोकांना वाटलं असेल, याला म्हणतात तत्त्व.

तिसऱ्या बटणापाशी इलास्टिकचा विचार आला. तेव्हा उशीर झाला होता. कोट व्हर्नाच्या हातात गेला आणि पँट घोट्यांपाशी.

पिनेचा दर्जा. बाकी काही नाही.

हसलं कोणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बँडमधल्या एका मुलीने मान फिरवली. नॅडीन पहिल्या ओळीत बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होती, आणि शोधतच राहिली. व्हर्नाने कोटाची नीट घडी केली आणि हातावर टाकली. व्हर्जिलने माझ्या खांद्यावरून हात लांब करून माइक ओढून घेतला आणि वाचलं: "ओटिस बेम." मग बिगुल वाजला. बिगुल वाजताना हलायचं नसतं. मी हललो नाही. हात कपाळाला, पँट खाली, शेवटच्या सुरापर्यंत. माझ्या शिस्तीवर कोणी बोट ठेवू शकत नाही.

भाषण अपूर्ण राहिलं.

१२ जून

हॉलची बैठक. गणवेश तपासणी समिती बरखास्त. एकमताने. या वेळी कोणी पत्ते खेळत नव्हतं. ओटिसचा कोट हॉलमध्ये काचेच्या कपाटात लावला. माझ्या कोठाराचा बिल्ला डाव्या बाहीवरून कोणीतरी काढून पाकिटात घालून मला परत केला. तिथे डाग अजिबात राहिला नाही.

नॅडीनला सांगितलं, हे लोक एक दिवस मला बोलवायला येतील. ती म्हणाली, "आले तर आधी पट्टा लाव."

४ जुलै, स्वातंत्र्यदिन

बोलावलं! व्हर्जिल स्वतः आला. म्हणाला, "लायल, तुला गर्दीसमोर उभं राहायला आवडतं ना?" हॉट डॉगचा स्टॉल माझ्याकडे. संपूर्ण जबाबदारी. पोशाख हॉलचाच: पांढरा ॲप्रन, छातीवर हसरं डुक्कर. नाडी मागून बांधायची. कोणत्याही मापाच्या माणसाला बसतो. मला बसला.

रांगेत व्हर्ना होती. आपली पाळी आल्यावर मोठ्याने म्हणाली, "हॉट डॉग वाढायचे कागद आहेत का रे तुझ्याकडे?" सगळी रांग हसली. मे महिन्यातलं राहिलेलं हसूही त्यातच हसून घेतलं असावं. मी तिला सॉसेज जरा मोठं वाढलं. तिने ते परत देऊन दुसरं मागितलं.

घाईत शर्टाच्या उजव्या बाहीवर मस्टर्ड सांडलं. पुसलं, निघेना. मी बाही दुमडायला लागलो, तर व्हर्जिल म्हणाला, "राहू दे, राहू दे. हा डाग तुझा स्वतःचा आहे."

पण गर्दीला शिस्त नव्हती. कोणीतरी बोलणं भाग होतं. मी खोक्यावर चढलो.

मिलबर्गच्या माजी सैनिकांनो! किती दिवस हा गोंधळ सहन करणार? रांग लावा, आणि मस्टर्ड हवं की नको ते पुढे येण्याआधीच ठरवा!