आई, त्या कायद्याला मी नाही म्हणाले

माझे आई,

तुला वाचता येत नव्हतं आणि मी बसलेय पत्र लिहायला! असू दे. तिथंही कुणीतरी गाठशील आणि घेशील वाचून. लोकांना कामाला लावण्यात तुझा हात कोण धरणार?

खरं तर पक्षाच्या नोटिशीला उत्तर लिहायला बसले होते. सभागृहात पक्षाच्या विरोधात का बोललात, त्याचा खुलासा द्या म्हणतात. इंदिरानगरच्या या घरात सकाळपासून तीन कागद फाडले. खुलासा त्यांना नाही, तुला द्यायचाय, हे चौथ्या कागदावर कळलं.

सरकारनं एक विधेयक आणलंय. आमच्याच सरकारनं. घरात धर्मग्रंथाचं वाचन ठेवायचं तर आधी कळवायचं. कोण कोण बसणार त्यांची नावं द्यायची. आणि दुसऱ्या धर्माचं माणूस तिथं बसलेलं सापडलं, तर घरमालकावर गुन्हा! आमदार निवासात चहा पिताना ते कलम वाचलं आणि मला तूच दिसलीस गं. सायखेड्याला, कौसामावशीच्या घरात, दाराशी पाय पसरून गजरे करत बसलेली.

आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने मावशीच्या बौद्ध वस्तीत रोज संध्याकाळी बुद्धांचा ग्रंथ वाचतात. आपलं घर गल्लीतलं शेवटचं, पुढं लगेच त्यांची वस्ती, त्यात पहिलंच घर मावशीचं. फुलांची पाटी घेऊन तू निघालीस की बाबा ओरडायचे, "अगं, आपण माळी, तिकडं तुझं काय काम?" तू म्हणायचीस, "हाताला काम हाय, कानाला नाय. बसून ऐकते तेवढंच." सकाळी त्याच हातांनी देवाची पूजा करायचीस. तुला कुठं काही अडलं नाही. अडलं ते मला.

आठवतं ना? माझी पहिली निवडणूक. विरोधकांनी कुजबुज सुरू केली, ताईंच्या आईनं धर्म बदलला म्हणून. मी तणतणत आले आणि म्हणाले, "आई, निवडणूक होईस्तोवर तिकडं जाऊ नकोस." तू नुसतं "बरं" म्हणालीस. गुलाबाच्या एका जुडीसाठी अडत्याशी तासभर भांडणारी बाई तू! माझ्याशी का नाही भांडलीस? एक शिवी तरी हासडायचीस.

मी निवडून आले. गुलाल उडाला, सत्कार झाले. आणि "आता जा" म्हणायचं राहूनच गेलं. तीन पावसाळे राहिलं. मग तूच गेलीस.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सभागृहात सांगितलं.

भाषणाचे मुद्दे काढले होते, चांगली दोन पानं. उभी राहिले आणि म्हटलं, "अध्यक्ष महोदय, माझी आई या कायद्यानं गुन्हेगाराच्या घरी बसलेली ठरली असती." मागून आमच्यातलाच एक ओरडला, "ताई, आईला कशाला सभागृहात आणता?" माझं डोकंच फिरलं. "मी नाही आणलं, तुम्ही कायद्यात आणलंय तिला!" असलं काही बोलायचं म्हणून ठरवलेलं नव्हतं गं. तुझ्या पोटची ना मी! पुढं सांगितलं, की जे काम हा कायदा उद्या करणार, ते मी घरात आधीच करून बसलेय. कायदा नसतानाही एका बाईला उठवलं मी. पुन्हा कुणाला उठवू देणार नाही.

आमच्याच बाकांवरच्या दोघातिघांनी बाक वाजवले. विधेयक तूर्त समितीकडे गेलंय. म्हणजे जिंकले नाही, पण हरलेही नाही. आमचे नेते बाहेर म्हणाले, "ताई, पुढच्या तिकिटाचं विसरा आता." वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आमदारकी मला आवडते. पण जेवले मात्र पोटभर.

परवा सायखेड्याला गेले. कौसामावशीच्या पाया पडले आणि म्हटलं, "मावशी, आईला मी थांबवलं. माझं चुकलं."

ती चहा गाळत होती. हसायलाच लागली. "थांबली कुठं ती? तुझा शब्द मोडला नाय तिनं, आमच्या घरात नाय आली. तुमच्या पडवीत बसायची. मी खुर्ची खिडकीला लावली न् लय मोठ्यानं वाचायला लागले. आवाज पडला की ही तिकडून वरडायची, कौसे, ऐकू येईना!"

"आणि पाऊस लागला की?"

"मग थांबायचं. वसरला की पुन्हा तेच पान. वस्तीतली पोरं वैतागायची, आजी, पुढं चला की! मी म्हणायचे, माळीण मागं राहिली, दम धरा."

आई गं! तीन वर्षं? मला एका शब्दानं बोलली नाहीस? मी तिथंच रडत बसले, मग हसू आलं, मग पुन्हा रडू. मावशीनं चहा दुसऱ्यांदा गरम केला. केवढी पक्की निघालीस तू! थोडं रागावूनच लिहितेय हे. निदान मला सांगून माझं ओझं तरी हलकं करायचंस.

आता ऐक. उद्यापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचन सायखेड्याच्या आपल्या घरात. मधल्या खोलीत सतरंजी घातलीय. मावशी आधी नको म्हणाली, "तुझं तिकीट जाईल गं बाई." म्हटलं, गेलं तर फुलं विकीन, हात विसरलेले नाहीत. तेव्हा कुठं तयार झाली.

तुला शब्द देते. समितीतून विधेयक परत येईल, तेव्हा मी उभी राहून नाहीच म्हणेन, तिकीट असो नसो. आणि एवढं करून झालाच कायदा, तर पोलिसांना पहिलं आपलंच घर लागेल. दार मी उघडीन आणि सांगीन, घरमालक मीच, लिहा नाव.

अजून तरी आमदार असलेली,
तुझी शकू