बाबांना बांधलं त्याबद्दल

अमरावती,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय रागिणी,

सप्रेम जय भीम.

तुम्ही सगळे बरे असाल. इकडे थंडी पडली आहे आणि माझा गुडघा सकाळी ऐकत नाही. माझ्या पायलचा पुण्याहून फोन आला होता, पेपर बरे गेले म्हणाली. परवा देवमन ड्यूटी सुटल्यावर बडनेऱ्याहून इकडे येऊन गेला. चहा घेतला, बाबांची औषधं घेतली. तुझा विषय तुझ्या नवऱ्याने काढला नाही, मी नणंदेनेही नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहिते आहे. उद्या त्याच्याच हाती देईन.

वॉर्डातली बातमी तुला कळलीच असेल. मनकर्णाबाई पडल्या. रिद्धपूरकडच्या त्या महानुभाव आजी, ज्या गोळी घ्यायच्या आधीसुद्धा सिस्टरला ‘दंडवत प्रणाम’ करायच्या. दुपारी जेवण झाल्यावर त्यांचा डोळा लागला होता. जाग आली तशा कुणाला हाक न मारता संडासाकडे निघाल्या. अपेक्षा सिस्टर ड्यूटीवर होती. गुणी पोरगी आहे, पण त्या वेळी पडद्याआड दुसऱ्या आजोबांचे कपडे बदलत होती. तिला फक्त आवाज आला. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांचा मुलगा विपुल संध्याकाळी आला. त्याचा पहिला प्रश्न, ‘बांधून काहून नाई ठेवलं?’

माझा तो नियम तुला माहीत आहे. आमच्या वॉर्डात म्हाताऱ्या माणसाला बांधायचं नाही. त्यासाठी मी किती जणांशी वाईट झाले, ते तू पाहिलं आहेस. पलंग बुटके करून घेतले, संडासाकडच्या वाटेवर कठडा लावून घेतला, ठरल्या वेळी प्रत्येकाला उठवून नेण्याची पद्धत लावली. नव्या पोरींना शिकवलं की म्हातारा माणूस उगाच उठत नाही. त्याला काहीतरी हवं असतं, ते ओळखा. आता बाहेरगावच्या सिस्टर आमचा वॉर्ड बघायला येतात. मेट्रन म्हणून लोक मला ओळखतात ते या एकाच गोष्टीमुळे.

तर मनकर्णाबाईंच्या पडण्यावर मंगळवारी चौकशी बसणार होती. आणि त्याआधीच्या रविवारी मी तुमच्याकडे अकोल्याला आले. बाबांना भेटायला आले असं मी म्हणाले. खरं तर एक दिवस मला कुणी काही विचारू नये, एवढंच हवं होतं.

त्या रविवारबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण त्यावाचून पुढचं सांगता येत नाही.

बाबा पलंगावर बसले होते. तुझ्या जुन्या ओढणीने त्यांचा उजवा हात दांडीला बांधलेला होता. मनगटावर लाल वळ होता. मी गाठ सोडली. तू हात पुसत स्वयंपाकघरातून आलीस आणि मी चपलाही न काढता म्हणाले, ‘माझ्या वॉर्डातल्या पोरीनं हे केलं असतं, तर त्याच दिवशी तिला घरी बसवलं असतं.’

तू रडशील किंवा भांडशील असं मला वाटलं होतं. तू दोन्ही केलं नाहीस. म्हणालीस, ‘तुमच्या वार्डात पाळी बदलते ताई. माही बदलत नाई.’

मग बाबांना पाणी पाजत, माझ्याकडे न बघता सांगितलंस. ‘मांगच्या हप्त्यात फाटकापाशी रुळात बसले होते. मालगाडी यायच्या टायमाले. त्याईले वाटते अजून मूर्तिजापूरले शकुंतला गाडीच्या लायनीवर गँगमन हायेत, ड्यूटीले चालले. मी आंघोळीले गेली होती, बस तेवढंच. लोकायनं ओढून बाजूले केलं. आता सांगा, मी आंघोळ करू का नको?’

वर ‘न्या ना मंग त्याईले तुमच्या वार्डात,’ म्हणालीस, तेव्हा मी बॅग उचलून निघाले. तू चहाचं आधण ठेवलं होतंस. स्टँडवर येईपर्यंत मी रागात होते. गाडीत बसल्यावर कळलं की मी घाबरले आहे.

आता मंगळवारचं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

टेबलाच्या पलीकडे मोठे डॉक्टर आणि हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेचे दोघे होते. विपुल एका कडेला बसला होता. डॉक्टर म्हणाले, यापुढे जे पेशंट उठून चालतात त्यांना बांधायला परवानगी द्यावी, मेट्रनबाईंचा हट्ट फार झाला. मी बोलायला लागले तसा विपुल मध्येच म्हणाला, ‘मॅडम, एकच सांगा. तुमच्या बापाले असं मोकळं सोडसान का?’

रागिणी, मला ‘हो’ म्हणता आलं असतं. आजवर भाषणांत तेच म्हणत आले होते. पण तो वळ डोळ्यांसमोर होता. मी म्हणाले, ‘माझ्या वडिलांना अकोल्याला घरी बांधून ठेवतात. मी रविवारी पाहिलं.’

तुझं नाव घेतलं नाही. पण घरात दिवसभर कोण असतं ते सगळ्यांना कळतं, आणि आपल्यातले दोघे जण संस्थेच्याच ऑफिसात नोकरीला आहेत. गोष्ट तुझ्या माहेरपर्यंत जाईल. तुला न विचारता मी तुला त्या टेबलावर नेऊन बसवलं. हे सांगायलाच हे पत्र.

डॉक्टर हसले. ‘मग वाद कसला, मेट्रन?’

मी म्हणाले, ‘वाद असा, की त्या घरी एकटी बाई आहे. तिला आंघोळीपुरतीसुद्धा सवड नाही. तिला बोलायचा मला हक्क नव्हता, तरी मी बोलून आले. आणि त्या दुपारी आपल्या वॉर्डातही एकटीच पोरगी होती. दुसरी सिस्टर तुम्ही खाजगी खोल्यांकडे हलवली होती, मी नको म्हणत असताना. एकट्या बाईवर इतकी माणसं टाकली की ती शेवटी दोरच शोधणार. तिला परवानगी देऊ नका, जोडीदार द्या.’

विपुल खाली बघत होता. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, ‘मंग दुसरी बाई काहून हलवली?’ त्यांनी कागद चाळले. त्याने परत तेच विचारलं. तक्रार त्याने मागे घेतली नाही, आणि घ्यावी असं मी म्हणणारही नाही. त्याची आई पडली आहे. पण आता तक्रार अपेक्षावर नाही, सिस्टर हलवणाऱ्यांवर आहे.

तर वॉर्डात दुसरी सिस्टर परत आली. बांधायची परवानगी मिळाली नाही. मनकर्णाबाईंचं ऑपरेशन झालं आणि काल दोघींच्या आधाराने त्या पलंगापाशी उभ्या राहिल्या.

मला मात्र, डॉक्टरांना सगळ्यांसमोर बोलले म्हणून, चौकशी संपेस्तोवर घरी राहायला सांगितलं आहे. चार्ज काढून घेतला. देवमन आला तेव्हा मी घरातच होते, त्याला वाटलं सुट्टी आहे. मी तसंच वाटू दिलं. परत घेतील की नाही, ठाऊक नाही. सकाळी हात आपोआप साडीला पिना लावतात, आणि मग जायला कुठे नसतं.

बाबांना माझ्या वॉर्डात न्या म्हणालीस. आज तरी तो वॉर्ड माझा नाही. इथे वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणलं तर जिन्याची भीती. म्हणून मीच यावं म्हणते. दिवसाची पाळी माझी. तू आंघोळ कर, बाजारात जा, माहेरी जाऊन चार दिवस झोप, मी काही विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. बाबा माझ्यासमोर उठून ड्यूटीला निघाले तर मी काय करीन, मला माहीत नाही. कदाचित त्यांच्यासोबत फाटकापर्यंत चालत जाईन आणि परत आणीन. कदाचित ते मला ढकलतील. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, पण वॉर्डात हाक मारली की कुणीतरी यायचं. एकट्या घरात एकट्या माणसासोबत मी कधी राहिलेली नाही. आणि एखाद्या दुपारी माझाही हात ओढणीकडे गेला, तर मी ते तुझ्यापासून लपवणार नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघते. ये म्हणायला फोन करायची गरज नाही. नको असेन तर देवमनकडे एक शब्द सांग, मी निघणार नाही आणि मनात काही ठेवणार नाही. त्या दिवशी तुझा चहा टाकून आले, ते मात्र मनात आहे.

बाबांच्या मनगटाला खोबरेल लाव. तू लावतच असशील.

तुझी,
मंजुषा

(ताई म्हणायचं की नाही, ते मी आल्यावर तू ठरव.)