शकीला आपांची खुबानी

गुरुवार, संध्याकाळ

कागद हिरवा झाला. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा हिरवाच.

शेजारच्या शकीला आपांना दमा आहे, हे मला काय आज कळलं? तरी मंगळवारी गुलमंडीच्या बाजारातून सुकी खुबानी, म्हणजे जर्दाळू, मीच आणली, दोघींसाठी. दुकानदार म्हणाला होता, "बाई, ये काली दिखती, मगर इसमें कुछ डाला नहीं." मला ती काळपट खुबानी कुणाला द्यायला बरी वाटेना. नारिंगी, चमकदार बघून घेतली. आपांनी माझ्यासमोर चार खाल्ल्या आणि तासाभरात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

आज ती काळपटही विकत घेतली आणि दोन्ही प्रकारच्या खुबानी माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या. टेस्ट ट्यूबमध्ये आम्ल घालून गरम केलं, नळीच्या तोंडाशी डायक्रोमेटचा नारिंगी कागद धरला. रंग चमकदार राहावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असली की वायू सुटतो आणि कागद हिरवा होतो. काळपटला नारिंगीच राहिला. माझ्या खुबानीला हिरवा. वीस वर्षं पोरांना हेच शिकवते मी.

दमेकऱ्यांना ही धुरी बाधू शकते. आपांना दम त्यानंच लागला का, ते डॉक्टर ठरवतील. पण सांगायला तर हवं.

हिरवा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथूनच दवाखान्यात गेले. आपा म्हणाल्या, "उरलेली जपून ठेवलीय, बाई. तुम्ही आणलेली, दुसऱ्याला कशी देऊ?"

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरली. "रंग लई मस्त हाय. काय हाय हे?"

रंग मस्त आहे, असं दुकानात नारिंगी खुबानी बघून मीही म्हणाले होते. तिथूनच सांगायला सुरुवात केली.