तिसऱ्या मजल्यावरचा वास

मुलुंड (पूर्व)

तीर्थस्वरूप माईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, दशरथचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस की त्यावर दिवा लावतेस? अनुपमा बरी आहे. फक्त गेले चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते. का, तेच सांगायला बसलोय.

तू मालवणहून खाऱ्या बांगड्यांचं पुडकं पाठवलंस ना, ते मिळालं. माझी मेहुणी, अनुपमाची बहीण, राहायला आलेली, तिला तो वास सोसत नाही, म्हणून मी ते बाहेर, पाण्याच्या पाइपांच्या कपाटात ठेवलं आणि साफ विसरलो. (अडुसष्टाव्या वर्षी माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, तिथे बांगड्यांचं काय.) आठवड्याने आमच्या मजल्यावर असा वास सुटला की वरचे लोक लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावून उभे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा तक्रार माझ्याकडे. मी चप्पल घातली आणि थेट पर्पेच्युआ टीचरच्या दाराशी गेलो. या बाई मूळ मनोरीच्या, एकट्या राहतात, इथल्याच शाळेत मराठी शिकवतात आणि माझ्या नोटिशीतलं शुद्धलेखन गुपचूप सुधारून देतात. मजल्यावर मासे खाणारी घरं तीन, त्यातलं एक माझं. पण विचार करायच्या आधीच पाय तिकडे वळले होते. त्या म्हणाल्या, माझ्याकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसऱ्या वेळी त्या काळ्या साडीत होत्या. म्हणाल्या, "आत या, स्वयंपाकघर बघून घ्या." आणि माई, मी गेलो गं. भला माणूस दारातूनच मागे फिरला असता. मी फ्रिजसुद्धा उघडला. आत दूध, अर्धी पपई आणि झाकलेली पेज. बाहेर टेबलावर एका म्हातारीचा फोटो, पुढे मेणबत्ती. "आईला जाऊन अकरा दिवस झाले," टीचर म्हणाल्या. "तेव्हापासून या घरात मासा शिजला नाही." मी काय बोललो असेन? "बरं, काळजी घ्या," म्हणालो आणि निघालो. दार लावतानाही मनात एकच, मग वास येतो कुठून?

दोन दिवसांनी प्लंबर चंद्रप्रकाशने पाइपांचं कपाट उघडलं. गळक्या पाइपाखाली तुझं पुडकं भिजून कुजलेलं, वर तुझ्या ठसठशीत अक्षरात माझं नाव. अख्खा मजला जमला होता. लोक हसले, मीही हसलो (मला वाटलं, हसून प्रकरण मिटेल). अनुपमा हसली नाही. तिने सगळ्यांदेखत टीचरच्या दाराकडे बोट दाखवलं.

गेलो. टीचर सामान बांधत होत्या. मी म्हणालो, "चूक झाली, टीचर. माझ्या मनात तसं काही नव्हतं." त्या वर्गात विचारतात तशाच शांतपणे म्हणाल्या, "दशरथराव, तुम्ही किती घरांच्या बेल वाजवल्या?"

"एकच."

"पार्किंगमध्ये दारूची बाटली सापडली तेव्हा?"

तेव्हाही एकच. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्यांना तारीख आठवत होती.

"मनात काही नव्हतं हे खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण अकरा वर्षं बेल माझीच वाजली."

मी त्यांची पुस्तकांची खोकी उचलायला वाकलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. रविवारी टेम्पो आला आणि त्या मनोरीला आईच्या रिकाम्या घरी गेल्या. तिथून रोज शाळेत यायचं म्हणजे आधी होडी, मग दीड तास. आता दाराला कुलूप आहे. मजल्यावर कसलाच वास येत नाही, आणि ते मला सहन होत नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
दशरथ

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. पुढच्या महिन्यात चार दिवस ये आणि माझ्याबरोबर मनोरीला चल. एकटा गेलो तर माफी मागता मागता स्वतःचीच बाजू मांडत बसेन. तू असलीस की मला गप्प करशील.

ता. क. २ : आताच टीचरच्या कुलूपबंद घराच्या चौकशीसाठी एका माणसाचा फोन आला. बोलणं अगदी सभ्य. मी पहिलं काय विचारलं असेल, तर आडनाव. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. अनुपमा तेव्हा गच्चीवर होती. तिला कळवू नकोस.