पडायला पाठवलेला उपग्रह

कार्तागो, ३ मार्च

ती. देयानिराआत्यास, योरलेनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं रचतेस, म्हणून पत्रच लिहिते. आमचा उपग्रह सुखरूप पोचला! पावाच्या डब्याएवढा जीव, पण वर जाऊन बोलायला लागलाय. खरी परीक्षा पुढेच. त्याच्या पोटात कांद्याच्या सालीसारखं पातळ शीड घडी करून ठेवलंय. ते उघडलं की वरच्या विरळ हवेला अडेल, आणि उपग्रह हळूहळू खाली येत जळून जाईल. निकामी उपग्रहांनी वर नुसता उकिरडा केलाय. त्यांना असं खाली आणता येतं का, तेच बघायचंय. शिडाची घडी मी घातलीय. नाही उघडलं तर सगळी बोटं माझ्याकडे.

तुझ्या मायेची हावरट,
योरलेनी

तुर्रियाल्बा, ९ मार्च

चि. योरलेनीस अनेक आशीर्वाद.

इतकी वर्षं खपलीस ती जाळायलाच होय! अगं, मक्याच्या तोर्तिया तर तू लहानपणीच तव्यावर जाळायचीस, त्याला कुठे शिकायला लागलं! चेष्टा पुरे. माझा जुना फ्रीज बंद पडला, तो काय मी रस्त्यात सोडला? तुझं काम मला पटतं. बसवाल्याबरोबर आपल्याकडचं चीज धाडलंय. एकटी खा, वाटत बसू नकोस.

लोभ असावा, आणि अंगावर जरा मांसही.
आत्या

कार्तागो, २१ मार्च

ती. आत्यास, सा. न.

शीड उघडलं नाही. त्याला बांधलेला दोरा तापून तुटायला हवा, तो तुटतच नाही. मला कोणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. फसलं म्हणून कळवून टाकायचं का, असं आमच्या गटाच्या सरांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, आणखी एकदा बघू. दोरा सावलीच्या बाजूला आहे, आणि तिथे भयंकर गारठा. ती बाजू उन्हाकडे वळवायची, नीट ऊन खाऊ द्यायचं, मग हुकूम सोडायचा. पुढच्या शनिवारी. चीज तसंच पडलंय.

तुझीच,
योरलेनी

तुर्रियाल्बा, २५ मार्च

चि. योरलेनीस आशीर्वाद.

उघडो, न उघडो, तू घरी ये. मी काही विचारणार नाही. जेवलीस का, एवढंच विचारीन. चर्चमधल्या आपल्या सावळ्या माउलीला साकडं घातलंय. पण शीड म्हणजे काय ते तिला समजावताना माझाच गोंधळ उडाला.

चीज आधी संपव.
आत्या

कार्तागो, २९ मार्च

आत्या गं, सा. न. नंतर, आधी ऐक. उघडलं!

उपग्रहानं पाठवलेल्या फोटोत शिडाचा चंदेरी कोपरा दिसला आणि सर मला मिठी मारायला धावताना खुर्चीसकट आडवे झाले. मी जी रडायला लागले ती थांबेचना. आता तो रोज थोडा थोडा खाली घसरतोय आणि आम्ही लॉटरी लागल्यासारखे हसतोय. दुसऱ्या देशातल्या लोकांनीही तसलं शीड मागितलंय. घडी मीच घालायची!

तुझी, पोटभर जेवलेली,
योरलेनी

तुर्रियाल्बा, २ एप्रिल

चि. योरलेनीस उदंड आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आनंदाच्या भरात मी दारातूनच ओरडले, की आमचा उपग्रह पडायला लागला, आता जळून जाणार! झालं. दुपारपासून लोक समाचाराला यायला लागले. शेजारची एल्सिरा कोंबडीचं सूप घेऊन आली. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, की धीर धर, पोरगी तरुण आहे, दुसरा होईल. मी वाडगा पुढे केला. सूप फार छान झालं होतं.

रविवारी ये. फक्त गल्लीतून येताना चेहरा जरा पडलेला ठेव. शेजाऱ्यांकडून केळीच्या पानात उकडलेले तामाले अजून यायचेत.

तुझी शोकाकुल आत्या,
देयानिरा