उजव्या पोटरीवरचा वळ

३ मार्च
सायकलला साखळी घातली! मी दवाखान्यात चार दिवस पडून होतो, तेवढ्यात. किल्ली सुनेच्या पर्समध्ये. मुलगा म्हणतो, "बाबा, तोल जातो तुमचा. पुरे आता सायकल."
माझा तोल? चाळीस वर्षे याच सायकलवर कामाला गेलो. पण त्या सकाळचे काही आठवत नाही. वळण आठवते, मग एकदम दवाखान्याचे छत. डावे मनगट प्लास्टरमध्ये.

५ मार्च
दवाखान्याच्या कागदावर कोपऱ्यात 'व्ही अठरा' लिहिले आहे. सून त्याच दवाखान्यात कामाला — डॉक्टरांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला, अपघाताला ठरलेला कोड लावायचा. तिला विचारले.
"सायकलवाला आपला आपण पडला तर अठरा. मोटारीने उडवला तर तेरा."
म्हणजे मी आपला आपण पडलो. आणि हे ठरवले कोणी? किल्ली जिच्याकडे आहे तिने.

६ मार्च
म्हणते, "घरच्या माणसाची फाइल मी हातात घेत नाही, बाबा. शेजारच्या टेबलावरचीने लावला तो कोड."
दोघी रोज एकत्र डबा खातात. मला काय कळत नाही?

८ मार्च
देवमाणूस येऊन गेला. त्यानेच मला रस्त्यावरून उचलून रिक्षात घातले, दवाखान्यात माहिती दिली. एक दिवसाआड फळे घेऊन येतो, तेही चालत. "गाडी दुरुस्तीला टाकलीय, काका." पोटचा मुलगा करत नाही एवढी चौकशी करतो. "काही आठवतंय का?" नाही म्हटले की माझा हात दाबतो. डोळे भरून आले.

९ मार्च
दुपारी डोळा लागला होता. पायाला गार लागले. पाहतो तर सून टेप लावून माझी उजवी पोटरी मोजते आहे! झोपेचे सोंग घेतले. आकडा कागदावर लिहून गेली. शिंपी माप घेतो तशी. कशाचे माप?

१० मार्च
शेवटी विचारलेच. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडलात डाव्या अंगावर. मग उजव्या पोटरीला बाहेरून एवढा वळ कसा? टाचेपासून किती उंचीवर आहे ते मोजलं."
"मग बदलून टाक तो कोड."
"कागदावर नाही ते आम्हाला लावता येत नाही. शेजारचीने डॉक्टरांना लेखी विचारलंय — पाय पुन्हा बघा म्हणून. आणि बाबा, तुम्ही आपले आपण पडलात हे कोणी सांगितलं, तेही फाइलमध्ये आहे. सोबतच्या माणसाने."
मी चिडलो. "देवमाणसावर संशय घेतेस?"
"तुमच्याच घरात शिकले."

११ मार्च
जेवण गेले नाही.

१२ मार्च
तो आला. सफरचंदे आणली. मी सहज विचारले, "गाडी झाली का दुरुस्त?"
"झाली, काका."
"कुठे लागली होती?"
त्याने माझ्या उजव्या पायाकडे पाहिले. पाय पांघरुणात होता. वळ मी त्याला कधी दाखवलेला नाही.