तुइस्कूचा वाटा

कुह्मो, रविवार, ८ नोव्हेंबर

चि. हिल्क्का हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बर्च साखर, ती बर्च झाडापासून काढलेली झायलिटॉल, पोचली. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केल्यापासून कॉफी नुसतीच घशाखाली ढकलत होतो. आज वेलदोड्याचे बन केले, सगळी गोडी तुझ्या पुडीची. आईच्या हातचे नव्हेत, पण खाण्याजोगे. तुइस्कू शेपटी हलवत आली, तिलाही एका बनचा कोपरा दिला. तुम्हा पोरांना जेवणानंतर आई ह्याच साखरेची गोळी द्यायची, दात किडू नयेत म्हणून. आमच्या या म्हाताऱ्या कुत्रीचेही दात वाचतील. गुरुवारी पुन्हा करीन.

तुझ्याकडे राहायला ये म्हणतेस. तुमच्या इमारतीत कुत्रं ठेवू देऊ लागले की कळव. तोवर आम्ही दोघं इथेच बरे.

तुझा,
बाबा

ओउलू, मंगळवार, १० नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अजून आलं नाही, म्हणून तीनदा फोन केला. कानातलं यंत्र पुन्हा कपाटात ठेवलंत ना? तुमच्या हट्टापुढे देवही हात टेकेल!

बाबा, तुइस्कूला ती साखर कणभरही देऊ नका. माणसाला चालते, कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र तिने एकदम उतरते, पुढे यकृतही जातं. मलाही कालच कळलं. पुडी मीच पाठवली, म्हणून हे लिहून लगेच टपालात टाकतेय. चुकून खाल्लीच तर काय होतंय ते बघत बसू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा, किती खाल्लं ते सांगा. ओकारीसाठी मिठाचं पाणी पाजायची आजोबांची रीत नको, त्यानेही कुत्रं दगावतं. शेजारच्या आर्वोला गाडी काढायला सांगा.

त्याचा नंबर माझ्याकडे नाही, पत्र मिळताच त्याच्याकडून निरोप द्या. तुमच्यावर माझी माया आहेच.

तुमची,
हिल्क्का

कुह्मो, रविवार, १५ नोव्हेंबर

चि. हिल्क्का हिस आशीर्वाद.

तुइस्कू गेली. काल सकाळी.

तुझं पत्र बुधवारीच आलं होतं. तुला कधी सांगितलं नाही, पण तुझी पत्रं मी आल्या आल्या फोडत नाही. शनिवारी सौनात वाफेचं स्नान झालं, अंग पुसलं, कॉफी ओतली की मग फोडतो. आठवडाभर वाट बघायला काहीतरी लागतं. तुझं पाकीट तीन दिवस घड्याळाला टेकून उभं होतं.

गुरुवारी बन केले. तिला अख्खा दिला. अर्ध्या तासात ती ओकली, मग मागचे पाय लटपटले. मला वाटलं, पोट रिकामं झालंय, भुकेने गळाली. म्हणून दुसरा बन दुधात कुस्करून भरवला. माझ्या हातातून तिने तो मुकाट्याने खाल्ला. शुक्रवारी उठलीच नाही. आर्वोने गाडी काढली, डॉक्टरही भला माणूस, पण यकृत गेलं होतं. त्याने विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, बन, साखरेशिवायचे. तो म्हणाला, मग त्यात गोडी कशाची?

तू पुडी पाठवलीस म्हणून स्वतःला लावून घेशील. घेऊ नकोस. तू वेळेवर लिहिलंस, मी वेळेवर वाचलं नाही. आर्वो म्हणतो, म्हातारी होती, आज ना उद्या जायचीच. त्याला मी घराबाहेर काढलं.

आता तुझ्या इमारतीत यायला माझी काही अडचण उरली नाही, आणि तू बोलावशील. बोलावू नकोस. तुझी पोरं जेवायला बसतील, आजोबांनी भरवावं म्हणून तोंड उघडतील. मला ते जमणार नाही.

रागावू नकोस माझ्यावर.

तुझा,
बाबा